एका खळग्याचा फरक

२२ फेब्रुवारी

आज तिसरा पाहुणा आला. कोरड्या बर्फाच्या खोक्यातून, करंगळीएवढ्या कुपीत. यंदाच्या फ्लूच्या लशीत तीन विषाणू घालायचे आहेत. पहिले दोघे महिन्यापूर्वीच आले आणि गुणी बाळांसारखे वाढायलाही लागले. हा तिसरा मध्यवर्ती प्रयोगशाळेने उशिरा निवडला, कारण थंडीच्या अखेरीला जिकडेतिकडे हाच सापडत होता.

आमच्या कारखान्यात लस कोंबडीच्या अंड्यांत होते. अकरा दिवस उबवलेल्या अंड्याला बारीक भोक पाडून विषाणू टोचायचा, तीन दिवस उबेत ठेवायचं, मग गार करून आतलं पाणी काढून घ्यायचं. त्या पाण्यात विषाणू जितका दाट, तितके डोस जास्त. ज्या पहिल्या बियाण्यातून पुढे लाखो अंडी टोचली जातात, ते बियाणं तयार करणाऱ्या विभागाची मी प्रमुख. बावीस वर्षं झाली या खुर्चीला.

गेल्या वर्षीची वही संपली म्हणून ही नवी काढली. यांना म्हटलं, "अहो, नवी वही आणली." हे "हं" म्हणाले. एरवी म्हणाले असते, माझी बदनामी किती पानांत बसवणार ते आधी सांग. गुडघा दुखत असावा.

२७ फेब्रुवारी

बत्तीस.

हा आकडा कसा काढतात ते लिहून ठेवते, कधी कोणी वाचलंच तर कळावं. अंड्यातलं पाणी दुप्पट-दुप्पट पातळ करत प्लेटच्या खळग्यांमध्ये घालायचं आणि प्रत्येकात कोंबडीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी सोडायच्या. विषाणू असेल तिथे पेशी एकमेकींना धरून जाळं विणतात, खळगाभर गुलाबी पसरतं. नसेल तिथे त्या तळाशी जमून नेटका लाल ठिपका होतो. जाळं कितव्या खळग्यापर्यंत पोचलं त्यावरून आकडा. मला निदान पाचशे बारा हवा.

अंडी दिव्यासमोर धरून जिवंत-मेलेली निवडणारे आमचे काका प्लेटमध्ये डोकावून म्हणाले, "बाई, एवढंच पाणी हवं होतं तर अंड्याचा जीव कशाला घेतलात? नळ होता की."

मी हसले नाही. मग घरी येताना हसू आलं.

६ मार्च

कारखान्याच्या साहेबांकडे बैठक. त्यांच्या टेबलावर गेल्या वर्षीची ढाल आहे, सर्वाधिक उत्पादनाची. बोलताना तिच्या कडेवरून बोट फिरवायची त्यांना सवय लागलीय. "बाई, गेल्या वर्षी तुम्ही केलंत ते यंदाही करा. मी आणखी काही मागत नाही."

गेल्या वर्षी मी काय केलं होतं? तेच जे आम्ही नेहमी करतो. एका अंड्यातून काढलेला विषाणू दुसऱ्यात, दुसऱ्यातला तिसऱ्यात, अशा फेऱ्या. प्रत्येक फेरीत जो अंड्यात जास्त रमतो तोच पुढे जातो. माणसाच्या घशातून आलेला विषाणू असा हळूहळू अंड्याचा होतो.

११ मार्च

सुट्टी. घर आवरलं.

यांच्याबद्दल लिहायला हवं. दोन गल्ल्या पलीकडे जो वृद्धाश्रम आहे, तिथे हे अठरा वर्षं आचारी आहेत. कोणाला मीठ वर्ज्य, कोणाची कवळी सैल, कोणाला सूप कपातूनच लागतं, सगळं तोंडपाठ. तिथे चोपन्न जण होते. जानेवारीत फ्लूची साथ आली आणि तीन आठवड्यांत अकरा गेले. सगळ्यांनी लस घेतलेली. आमचीच.

मी तेव्हा यांना नीट समजावलं होतं. म्हाताऱ्या शरीरावर लशीचा परिणाम कमी होतो आणि बाहेरचा विषाणू ऐन थंडीत रूप बदलू शकतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. यांनी ऐकून घेतलं आणि भांडी घासायला उठले.

हे अजूनही चोपन्न माणसांचं सूप करतात. उरलेलं डब्यातून घरी येतं. मी म्हटलं, माणसं मोजून पाणी घालत जा. म्हणाले, "हाताला सवय आहे." अंदाजाने काम करणाऱ्यांचं हे असं होतं. म्हणून मी मोजमापाबाबत एवढी काटेकोर आहे.

१९ मार्च

सहावी फेरी. दोनशे छप्पन्न! काकांनी प्लेटला नमस्कार केला.

दोनदाबाई मात्र वहीत आकडा लिहून गप्प. या बाई दोन वर्षांपूर्वी जनावरांच्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेतून आमच्याकडे आल्या. चाळिशीच्या. प्रत्येक गोष्ट दोनदा करतात म्हणून काकांनी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. दार लावलं का दोनदा बघतील, कुपी मोजून पुन्हा मोजतील. स्वभाव चांगला, पण काम रेंगाळतं. विचारलं, "काय झालं?" म्हणाल्या, "फार भराभर वाढतोय, मॅडम." वाढावा म्हणूनच तर सगळा खटाटोप!

२६ मार्च

आठवी फेरी. एक हजार चोवीस.

साहेब स्वतः खाली आले, केक घेऊन. दहा हजार अंड्यांची पहिली तुकडी मागवायचं ठरलं. बत्तीसवरून एक हजार चोवीस, महिन्याभरात. बावीस वर्षांत माझ्या हातून एवढी झेप झाली नव्हती. केकचा तुकडा यांच्यासाठी घरी आणला. हे म्हणाले, छान आहे, आणि अर्धा ठेवला.

३० मार्च

डोकं उठलंय.

बियाणं पास करण्याआधी त्याचा चेहरा तपासावा लागतो. फेरेट म्हणून मुंगसासारखा प्राणी असतो. मूळ विषाणूची लागण होऊन बरा झालेल्या फेरेटच्या रक्तातलं सीरम आमच्याकडे येतं. ते सीरम मूळ विषाणूला ओळखतं आणि धरून ठेवतं, म्हणजे जाळं होत नाही, ठिपकाच राहतो. सीरम पातळ करत जायचं. मूळ विषाणूला ते सातव्या खळग्यापर्यंत ओळखत असेल, तर आमच्या वाढीव विषाणूलाही जवळपास तिथवर ओळखलं पाहिजे. दोन खळग्यांपर्यंत मागे पडलं तर चालतं. तीन पडलं की चेहरा बदलला, बियाणं बाद.

आज मूळ विषाणूला सातव्यापर्यंत ठिपके. आमच्याला चौथ्यापर्यंत स्वच्छ. पाचव्यात ठिपका आहे, पण कडा विस्कटलेली.

मी म्हटलं, "पाचवा ठिपका आहे. दोनचा फरक. पास."

दोनदाबाई वाकल्या, सरळ झाल्या, पुन्हा वाकल्या. "मला जाळं दिसतंय, मॅडम. तीन."

"कडा थोडी सुटलीय इतकंच. प्लेट हलली असेल."

"मग उद्या पुन्हा लावू का?"

नाही म्हणता येईना. अंड्यांची तुकडी वाटेवर आहे आणि या बाई एका खळग्यासाठी अडून बसल्यात.

२ एप्रिल

पुन्हा लावली. पुन्हा तेच. पाचव्यात ती विस्कटलेली कडा. आज तर मधे ठिपका शोधावा लागत होता.

दोनदाबाई म्हणाल्या, "मॅडम, एक विचारू? गेल्या वर्षीचं बियाणं डीप फ्रीझरमध्ये आहे. सोबत तेही एकदा लावून बघूया का?"

"कशाला?"

"तेव्हाही पाचव्यातच होतं."

मी आवाज चढवला. वीस माणसं ऐकतील इतका. गेल्या वर्षीचं काम गेल्या वर्षी संपलं, तुमची नजर तेव्हा कच्ची होती, वगैरे. त्यांनी मान खाली घातली आणि हातमोजे काढले. एक आधी काढला, पुन्हा घातला, मग दोन्ही काढले.

३ एप्रिल

आज दोनदाबाईंशी बोलणं नाही. त्यांची नजर माझ्या जागेवर असावी, असं वाटून गेलं.

९ एप्रिल

यांनी आज आपणहून कामाचं विचारलं. किती महिन्यांनी! जेवता जेवता म्हणाले, "तुमची लस बाहेरच्या विषाणूशी जुळते का, ते तपासता ना तुम्ही?"

"तपासतोच. त्याशिवाय पुढे जाताच येत नाही."

"कोण तपासतं?"

"मी."

"एकटी?"

"शेवटची सही माझी."

"हं," म्हणाले, आणि ताट उचललं. मला बरं वाटलं. हळूहळू माणसात येताहेत.

साहेबांचा निरोप, बियाण्याचा कागद सहीसाठी टेबलावर आहे.

१२ एप्रिल

कागद तसाच आहे. तीन वेळा पेन उघडलं.

मध्यवर्ती प्रयोगशाळेला नमुना जातो, पण तिथे रांग मोठी. त्यांचं उत्तर येईपर्यंत आमची निम्मी लस झालेली असते. गेल्या वर्षी तर ते आलंच नाही. तोवर सगळं माझ्या सहीवर.

१४ एप्रिल

सुट्टीच्या दिवशी गेले. पहारेकऱ्याला म्हटलं, विसरलेली वस्तू घ्यायचीय. गेल्या वर्षीच्या तीन कुप्या काढल्या, गेल्या वर्षीचं सीरम काढलं, तीन प्लेट लावल्या. पेशी तळाशी बसायला पाऊण तास लागतो. तो पाऊण तास मी खिडकी पुसली.

पहिली प्लेट: तीनचा फरक.
दुसरी: तीन.
तिसरी: चार.

१५ एप्रिल

ताप आल्याचं कळवलं. आला नाही.

१६ एप्रिल

दोनदाबाईंना बाजूच्या खोलीत बोलावलं, प्लेट समोर ठेवल्या. त्यांनी पाहिल्या. या वेळी एकदाच.

"तुम्ही गेल्या वर्षी काय वाचलं होतं?"

"तीन. पेन्सिलीने लिहिलं होतं. तुम्ही म्हणालात, नीट बघा, दोन आहेत. मग मी खोडलं."

"का खोडलंत?"

"मी नवीन होते, मॅडम. आणि तुम्ही इतक्या खात्रीने बोललात की मला स्वतःच्याच डोळ्यांची लाज वाटली."

मला ते आठवत होतं. सगळं आठवत होतं. आठवड्याभरात अंडी यायची होती, आकडा विक्रमी होता, पाचवा खळगा जरा विस्कटलेला होता आणि मला तो ठिपका हवा होता. मी खोटं लिहिलं नाही. मला जे हवं होतं तेच दिसलं. यात मोठा फरक आहे असं पंधरा दिवसांपूर्वी मी कोणालाही पटवून दिलं असतं.

विषाणू पेशीत शिरतो तो किल्लीने कुलूप उघडावं तसा. माणसाच्या घशाचं कुलूप वेगळं, अंड्याचं वेगळं. अंड्यात जास्त वाढायचं तर त्याला आपली किल्ली घासावी लागते. आणि आपलं शरीर त्याला ओळखतं ते नेमकं त्या घासलेल्या जागेवरून. मी त्याला अंड्यासाठी इतका घासला की ज्यांना लस टोचली त्यांची शरीरं भलत्याच चेहऱ्याची वाट बघत बसली.

हे मी नव्या मुलांना दरवर्षी शिकवते.

१७ एप्रिल

साहेबांना दोन पानं दिली. पहिलं यंदाचं. त्यांनी वाचून मान हलवली. "ठीक. आठवी फेरी सोडू. एखादी फेरी मागे जाऊ. पण हे दुसरं पान?"

"गेल्या वर्षीचं."

"ते कोणी मागितलं होतं?"

"कोणी नाही."

ते उठून खिडकीशी गेले. "बाई, हे वर गेलं की यंदा पार पहिल्या फेऱ्यांपर्यंत मागे फिरावं लागेल, मग लस थंडीच्या आधी पोचणार नाही. निम्मीच होईल. काहींना मिळणारच नाही. अर्धवट जुळणारी लस ही काहीच नसण्यापेक्षा बरी, हे तुम्हीच मला शिकवलंय."

"शिकवलंय. आणि ते खरंही आहे. पण अर्धवट आहे हे घेणाऱ्याला सांगितलं तर. आपण पूर्ण म्हणून दिली."

ते परत टेबलाशी आले, दोन्ही पानं एका पाकिटात घातली आणि म्हणाले, "दोन्ही वर जातील. माझ्या सहीने. तुम्हाला प्रमुख म्हणून ठेवता येणार नाही."

"हो."

"कोण सांभाळेल?"

मी दोनदाबाईंचं नाव घेतलं. ढाल त्यांनी कधी उचलली ते कळलं नाही. मी निघाले तेव्हा ती टेबलावर नव्हती.

२० एप्रिल

तीन दिवस घरी बोलायचं टाळलं. आज म्हटलं, "अहो, बसा जरा."

सगळं सांगितलं. खळगे, सीरम, सही. म्हटलं, "लस जुळती असती तर त्या अकरांपैकी किती वाचले असते, ते सांगता येणार नाही. कदाचित एकही नाही. कदाचित पाच-सहा."

यांच्या हातात बटाटा सोलायचं सालकाढं होतं. ते ठेवलं. "जानेवारीपासून विचारीन विचारीन म्हणत होतो," म्हणाले. "पण विचारलं असतं आणि तू हो म्हणाली असतीस, तर मग मी काय केलं असतं?"

"तुम्ही काय केलंत? केलं ते मी."

"मी त्यांना सांगितलं होतं. टोचायच्या दिवशी निम्मे जण नको म्हणत होते. मी रांगेत एकेकापाशी गेलो. म्हटलं, माझ्या घरची आहे, माझ्या बायकोने केलीय, बिनघोर घ्या. घड्याळवाले आजोबा आहेत ना, त्यांची बायको सुईला भ्यायची. मी तिची बाही वर केली. तिला हसवलं, तोवर टोचून झालं."

घड्याळवाले आजोबा आणि त्यांची बायको आश्रमात जोडीने राहत. जानेवारीत गेलेल्या अकरांत त्या आजी दुसऱ्या.

माझा नवरा जन्मभर बडबड्या. एका खोलीत चोपन्न माणसांना एकाच वेळी हसवणारा. जानेवारीपासून तो गप्प आहे आणि मी त्याला गुडघ्याचं मलम आणून देत होते.

पिशवी भरली यांनी. म्हणाले, "आठवडाभर तिकडेच राहतो. रात्रपाळीचा माणूस रजेवर आहे."

कोणी रजेवर नाही, हे मला कळलं. हल्ली मला कळायला लागलंय.

२ मे

आता मी दोनदाबाईंच्या हाताखाली आहे. खुर्ची बदलली, तिची उंची कमी-जास्त होत नाही. लोक माझ्याशी जपून बोलतात, काचेचं भांडं हाताळावं तसं. काका सोडून. ते म्हणाले, "बाई, आता तुम्ही आमच्यातल्या. डबा इकडे आणा."

नव्या प्रमुखांचा पहिला हुकूम: प्रत्येक प्लेट तिघं वाचणार, वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकांचं न बघता. त्या, मी आणि काका. काकांना कळेना आपण कशाला. दोनदाबाई म्हणाल्या, "तीस वर्षं तुम्ही अंड्याच्या आत जीव आहे का नाही ते बघताय. तुमच्याएवढी नजर इथे कोणाची आहे?" दुसऱ्या दिवशी काका नवा चष्मा घेऊन आले.

हे अजून तिकडेच. डबा मात्र रोज सकाळी दाराशी ठेवून जातात. सूप त्रेचाळिसांचं की चोपन्नांचं, विचारायची हिंमत नाही.

२३ मे

तिसऱ्या फेरीवर परत गेलोय, जिथे चेहरा अजून शाबूत आहे. तो विषाणू इतका पातळ करतो की पाच अंड्यांत मिळून जेमतेम एकाला एखादा कण मिळावा. म्हणजे ज्या अंड्यात वाढ दिसेल, तिथली सगळी प्रजा एकाच कणाची. मग प्रत्येकाचा आकडाही बघायचा, चेहराही. तीनशे साठ अंडी टोचली, सत्तरएक लागली. जी जोरात वाढली त्यांचा चेहरा गेलेला. ज्यांचा चेहरा राहिला ती रडतखडत वाढली. एकेक नंबर खोडताना काका म्हणतात, "हा देखणा, पण कामाचा नाही. हा कामसू, पण ओळख देत नाही."

८ जून

एकशे अठ्ठ्याऐंशी नंबरचं अंडं. आकडा एकशे अठ्ठावीस. चेहऱ्यात फरक: माझ्या कागदावर एक, दोनदाबाईंच्या एक, काकांच्या एक.

कोणी ओरडलं नाही. दोनदाबाईंनी प्लेट पुन्हा लावायला सांगितली. मी लावली.

हे घरी आले आज. पिशवी परत कपाटात गेली. फार बोलणं नाही. मी एकशे अठ्ठ्याऐंशीचं सांगितलं, यांनी विचारलं, "कोणी कोणी बघितलं?" मी तिघांची नावं सांगितली. यांनी मान डोलावली आणि कांदा चिरायला घेतला.

३० जून

एकशे अठ्ठावीस पुरत नाही. आणि आता फेऱ्या वाढवायच्या नाहीत. मग राहिलं काय? आपल्याच सवयी. दोनदाबाईंनी विचारलं, आपण अंड्यात एवढा विषाणू का टोचतो? मी म्हटलं, पहिल्यापासून तेवढाच टोचतो. बोलताना माझं मलाच ऐकू आलं.

शंभरपट कमी टोचून पाहिला. जास्त वाढला! गर्दीत अर्धवट, लुळे कण फार होतात आणि ते चांगल्यांना वाढू देत नाहीत. इनक्युबेटर पस्तीस अंशांवरून तेहतीसवर आणला, आणखी वाढला. दहा दिवसांचं अंडं घ्यायचं की अकरा, पाणी साठ तासांनी काढायचं की बहात्तर, सगळं एकेक करून. दोनशे छप्पन्न पक्का. कधी पाचशे बारा. चेहरा दर आठवड्याला तिघं तपासतो, जागेवर आहे.

बावीस वर्षं मी विषाणूला बदलत होते. हात बदलायचं सुचलं नव्हतं.

२१ ऑगस्ट

मध्यवर्ती प्रयोगशाळेचं उत्तर आलं. बियाणं जुळतं. सोबत गेल्या वर्षीच्या पानाबद्दल चौकशीचं पत्र, माझ्या नावाने. सात प्रश्न. सातही उत्तरं मला येतात.

साहेबांनी जाहीर केलं, डोस गेल्या वर्षीच्या साठ टक्के, पाच आठवडे उशिरा.

२६ ऑक्टोबर

थंडी लवकर आली. वृद्धाश्रमात तिघं आजारी. लस अजून बाटल्यांत भरली जातेय.

२ नोव्हेंबर

तिघांपैकी एक गेल्या. सूपात मिरपूड मागणाऱ्या आजी. लस वेळेवर आली असती तर, हे यांनी म्हटलं नाही. मीच म्हटलं. हे म्हणाले, "कोणती लस? ती, का ही?" रागाने नाही, खरंच विचारलं. कोणत्याही बाजूने कोणीतरी जाणार होतं, आणि ही बाजू मी निवडली होती. ते खांद्यावरून उतरणार नाही. उतरू नयेही.

११ नोव्हेंबर

लस आश्रमात पोचली, उद्या टोचणार. हे म्हणाले, "यंदा मी कोणाला सांगणार नाही. तू ये आणि तूच सांग."

१२ नोव्हेंबर

जेवणाच्या दालनात खुर्च्या मांडल्या होत्या. बेचाळीस जण. मी उभी राहिले. पाठ करून गेले होते, ते सोडून दिलं.

म्हटलं, गेल्या वर्षीची लस नीट जुळणारी नव्हती. ती तपासायचं काम माझं होतं. मला शंका घ्यायला हवी होती, मी घेतली नाही. शंका घेणाऱ्या बाईला मी गप्प केलं. यंदाची तीन माणसांनी तपासलीय, बाहेरच्यांनीही. ती जुळते. तरीही ती घेऊन कोणी आजारी पडणारच नाही असं नाही.

कोणी खोकललं. पहिल्या रांगेतल्या बाईंनी विचारलं, "मग घ्यायची का नाही? सरळ सांगा." मी म्हटलं, "घ्या. मी आज इथेच तुमच्याआधी घेते." घेतली.

एकेक जण टोचून घ्यायला उठले. सात जण मात्र न टोचताच आपापल्या खोलीत गेले. त्यांत घड्याळवाले आजोबा होते. हे आपल्या जागेवरून हलले नाहीत, कोणाची बाही वर केली नाही. टोचून झालेल्यांना सूप वाढत राहिले.

१३ नोव्हेंबर

आज दुपारी यांचा फोन: घड्याळवाले आजोबा बोलवताहेत. गेले.

त्यांच्या खोलीत दोन पलंग आहेत, एकावर गादी गुंडाळलेली. मला खुर्ची दिली. म्हणाले, "ज्या दिवशी तुम्ही ती प्लेट वाचलीत, ती तारीख कोणती?"

"गेल्या वर्षीची, चार एप्रिल."

"त्या दिवशी तुम्ही काय करत होतात? प्लेट सोडून. मला जाणून घ्यायचंय."

मी म्हटलं, मी रोजनिशी लिहिते, बघून सांगते. "आणा," म्हणाले. दोन गल्ल्या चालत घरी आले, जुनी वही काढली, उभ्या उभ्या पान उघडलं. उघडायला नको होतं असं वाटलं. पण घेऊन गेले.

त्यांनी भिंग लावून वाचलं. मग माझ्याकडे देऊन म्हणाले, "तुम्ही वाचा. मोठ्याने."

मी वाचलं. "४ एप्रिल. आज विशेष काही नाही."

ते खिडकीबाहेर बघू लागले. रडले नाहीत, रागावलेही नाहीत. बाहेर कोणीतरी बादली सरकवत होतं. मी उठायला लागले तेव्हा म्हणाले, "थांबा. पेन आहे?"

होतं.

"तिचं नाव लिहा. त्या ओळीखाली."

त्यांनी नाव सांगितलं, माहेरच्या आडनावासकट, एकेक अक्षर सुटं करून. मी लिहिलं. त्यांनी भिंगातून पाहिलं, एक काना राहिला होता, तो द्यायला लावला. मग म्हणाले, बाकीच्या दहा जणांची नावं तुमच्या यजमानांना विचारा.

लस घेणार का ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

हे दाराबाहेर उभे होते. स्वयंपाकघरात गेलो. हे उलट्या ठेवलेल्या पातेल्यावर बसले, मी टेबलाशी. यांनी नावं सांगितली, मी लिहीत गेले. मधे एकदा हसले, एक आजोबा रोज सूपात माशी आहे म्हणायचे, दुसरी वाटी मिळावी म्हणून. मिरपूडवाल्या आजींचं नाव लिहायचं का, मी विचारलं. हे म्हणाले, "त्या यंदाच्या वहीत."

आजींचं नाव या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं आहे. बाकी अकरा नावं इथे पुन्हा उतरवत नाही. ती जुन्या वहीतल्या त्याच पानावर राहू देत.